बायजाबाई विमानात खाली बसली

बोनकोड्याच्या बायजाबाईचं अर्धं आयुष्य खाडीत होडीवर गेलं, पण विमानाला ती भारी घाबरायची. चौऱ्याऐंशी साली मात्र जावंच लागलं. मस्कतला तिची लेक गोजरा बाळंत झाली होती. पहिलं मूल आठव्या दिवशी गेलं, तेव्हापासून पोरीनं अशी काही धास्ती घेतली होती की हे दुसरं ती हातात घ्यायलाच तयार नव्हती. आता आईनंच येऊन बाळाला न्हाऊ घालावं, असं जावयानं कळवलं. बायजाबाईनं निम्म्या गावची पोरं आपल्या पायांवर न्हाऊ घातलेली, ती कसली थांबते!

कोपरखैरण्याचा सुधीर आखातात नोकरीला होता, विमानाला सरावलेला. त्यानं तिला नीट समजावलं. समुद्रावर विमान हलेल, मध्येच खाली जाईल, पोट वर येईल. घाबरायचं नाही, पट्टा सोडायचा नाही, पंधरा मिनिटांत सगळं शांत होतं. म्हणजे होडीच की, असं ती म्हणाली. सुधीर हो म्हणाला आणि तिथंच बिचाऱ्यानं घोळ घातला.

होडी हलली की माणसं फळीवरून उतरून तळाशी, मधोमध बसतात, म्हणजे ती कलंडत नाही. अर्धा समुद्र ओलांडल्यावर विमान हादरायला लागलं. लोकांचे चहा सांडले. बायजाबाईनं पट्टा सोडला आणि दोन रांगांमधल्या वाटेत बसकण मारली. वर शेजारच्या सुटाबुटातल्या गृहस्थालाही खाली यायला खुणावलं. एवढ्यात विमान खचकन खाली गेलं, बाई हातभर उचलली गेली आणि उजव्या मनगटावर आपटली. पुढं विमान गुमान उडालं, मनगट मात्र टम्म सुजलं.

जावयानं विमानतळावरून आधी दवाखाना गाठला. प्लास्टर घातलेला हात घेऊन लेकीच्या दारात उभी राहिली, तेव्हा म्हातारीला रडूच कोसळलं. जीव मुठीत धरून जे करायला आली, तेच आता तिच्या हातून होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाणी तापलं. बाळ रडत होतं आणि गोजरा भिंतीला टेकून उभी होती.

"माजा हात मोडलाय, पोरी," बायजाबाई म्हणाली. "तुजं दोनी धड हायेत. बस खाली, पाय लांब कर."

गोजरा बसली. तिनं बाळ पायांवर घेतलं. आई डाव्या हातानं पाणी घालत राहिली. पाणी फार कढत नाही ना, असं गोजरानं तीनदा विचारलं.

न्हाणं उरकल्यावर बायजाबाईनं मांडी पुढं करून बाळ मागितलं. गोजरानं काही दिलं नाही.