तात्यांची कबुली

तो उतार आणि तो तपास आजही जसाच्या तसा डोळ्यांपुढे येतो. नोकरीत याहून मोठे गुन्हे हाताळले, खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले पुष्कळ विसरलो. हा साधा अपघाताचा गुन्हा मात्र विसरत नाही.

मी मूळचा घाटावरचा. निवृत्तीआधीची शेवटची तीन वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात काढली. पालीकडून रत्नागिरीला जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला आमच्या ठाण्याची हद्द होती. कौलारू इमारत, पुढे जांभ्याचं अंगण, अंगणात पकडून आणलेली वाहनं. सकाळी ठाणे अंमलदार स्टेशन डायरी उघडायचा आणि समोरच्या टपरीवरून चहा यायचा. आता घरी चांगला चहा मिळतो, पण त्या चहाची आठवण येते.

एका सकाळी दहाच्या सुमारास फोन आला. उतारावरून आलेली मोटार एसटीच्या थांब्याजवळ जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, आदळली होती. मी दोन शिपाई घेऊन पोहोचलो. भाजी विकणारी एक बाई जखमी होऊन पडली होती, तिच्या मांडीचं हाड मोडलं होतं. वांगी, मुळे, रताळी रस्ताभर विखुरली होती. गाडी चालवणारे गृहस्थ सत्तरीच्या घरातले. त्यांचा पाय डॅशबोर्डखाली अडकला होता. लोकांनी त्यांना ओढून बाहेर काढलं, तेव्हा ते पहिलं वाक्य बोलले, "बाई कशी आहे?"

सगळे त्यांना तात्या म्हणत, मीही तेच म्हणतो. तात्या एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. संध्याकाळी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मी त्यांचा जबाब घेतला. पायाला वजन लावलेलं, चेहरा पांढरा पडलेला, पण आवाज स्थिर होता.

"लिहा साहेब. ब्रेकवर ठेवायचा पाय ॲक्सिलेटरवर पडला. चूक माझी."

"नक्की?"

"वय झालं. पाय चुकला."

शेजारी त्यांचा मुलगा उभा होता. तिशी ओलांडलेला, बोटीवर नोकरीला, सुट्टीवर आलेला. आठ दिवसांनी त्याला परत जहाजावर रुजू व्हायचं होतं. तो वडिलांवर वैतागला होता. "बाबा, किती वेळा सांगितलं, आता गाडी चालवू नका. ऐकायचंच नाही तुम्हाला." तात्या भिंतीकडे बघत राहिले. मी जबाबावर सही घेतली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. गुन्हा दाखल, आरोपीची कबुली, साक्षीदार हजर. दोषारोपपत्र पंधरा दिवसांत गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ ठाण्यात आले. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता रस्त्यालगत छोटं गॅरेज चालवत होते. परिसरात त्यांना मेस्त्री म्हणत. ते खुर्चीवर बसायला तयार होईनात.

"साहेब, तात्याचा पाय चुकणार न्हाई."

"त्यांनीच लिहून दिलंय, मेस्त्री."

"दिलं असंल. बत्तीस वर्षं त्येच्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्या, एक अपघात न्हाई. ब्रेकमध्ये कणभर फरक पडला तर सांगायचा, मेस्त्री, आज मागलं डावं चाक उशिरा धरतंय. अशा माणसाचा पाय चुकंल?"

"मैत्रीखातर बोलताय."

"मैत्री हायच. पण तुमी एवढाच बगा, हातातला ब्रेक कसा व्हता?"

ते गेल्यावर मी अपघाताच्या जागेचा पंचनामा काढून वाचला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: गिअर पहिल्या नंबरात, हँडब्रेक पूर्ण वर ओढलेला. मी ते नीट पाहून लिहिलं होतं आणि त्याचा अर्थ मात्र लावला नव्हता. पाय चुकून ॲक्सिलेटरवर पडला असता तर माणूस घाबरून तो आणखी दाबतो, गाडी सुसाट जाते. पहिला गिअर टाकून हँडब्रेक ओढणारा माणूस शुद्धीवर असतो. त्याचा पाय नाही, ब्रेक चुकलेला असतो.

मी जखमी बाईकडे गेलो. ती आतल्या गावची, घरची भाजी थांब्यावर आणून विकायची. तिचा जबाब शिपायाने घेतला होता, चार ओळींचा. मी स्टूल ओढून बसलो आणि सगळं पुन्हा विचारलं.

"हारन वाजवीतच येत व्हता तो," ती म्हणाली. "हात बाहेर काढून सरा, सरा करीत व्हता. थांब्यावर शाळेची पोरां व्हती. तेंच्याकडं न येता गाडी गडग्याकडं वळवलीन. मी बी सरले व्हते. पण टोपलीसाठी माघारी फिरले."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"कोणी इचारलाच नाही."

ते वाक्य मला लागलं. मी सगळं लिहून घेतलं.

मग मेस्त्रींना ठाण्याच्या अंगणात बोलावलं. मोटार वाहन निरीक्षकांचा अहवाल आला होता. त्यात लिहिलं होतं, ब्रेकच्या नळ्यांत गळती नाही, पॅडल मऊ लागते. तो अहवाल बरोबर होता, पॅडल मऊ का लागते, ते मीच कोणाला विचारलं नव्हतं. पंचांसमक्ष मेस्त्रींनी पुढचं एक चाक काढलं. आत लालभडक रंगाचा कॅलिपर होता. चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरतो तो भाग. कंपनीचा नव्हता, बाहेरून आणून बसवलेला, मोठा आणि दिसायला देखणा.

मेस्त्री खाली वाकले आणि बराच वेळ उठले नाहीत. मग दुसरं चाक काढलं.

"साहेब, डावा उजवीकडं बसलाय आणि उजवा डावीकडं."

"त्याने काय होतं?"

त्यांनी कॅलिपरवरची बोटाच्या पेरासारखी निपल दाखवली. ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा तिथून काढायची असते. हवा वर चढते, म्हणून निपल वरच्या अंगाला हवी. इथे दोन्ही खाली होत्या. "कितीबी ऑइल सोडा, हवा आतच ऱ्हाते. सपाट रस्त्यावर दोनदा पॅडल मारला की धरतं. लांब उतारावर तापलं की पॅडल खाली बसतं."

"कोणी बसवले?"

मेस्त्रींनी हात पुसले. "मी न्हाई. एवढाच मना ठावं."

मी पुन्हा सिव्हिलला गेलो. मुलगा औषधं आणायला गेला होता. तात्यांसमोर पंचनाम्याची प्रत ठेवली.

"तात्या, हँडब्रेक कोणी ओढला?"

त्यांनी प्रत बाजूला सारली.

"पहिला गिअर?"

"सवय असते हाताला," ते म्हणाले.

"कॅलिपर उलटे बसलेत. मेस्त्रींनी पाहिले."

त्यांनी डोळे मिटले. मी घाई केली नाही. चौकशीत एवढं शिकलो होतो, की गप्प बसणाऱ्यापुढे आपणही गप्प बसावं. बऱ्याच वेळाने ते बोलले, "कॅलिपर बदलल्यावर पहिल्यांदाच गाडी उतारावर आणली. पहिल्या वळणावरच कळलं मला. पॅडल तळाला गेलं. चार दिवस अंगणात बसून पोराने हौसेने बसवले होते. मोबाइलवर बघून. मला म्हणाला, बाबा, आता तुमच्या एसटीपेक्षा भारी ब्रेक. मी त्याला सांगू, की त्या बाईचं हाड तुझ्यामुळे मोडलं? आता थोड्याच दिवसांत समुद्रावर जायचंय त्याला. मला काय, म्हातारा म्हणून लोक बोलतील."

"आणि तुम्ही बत्तीस वर्षं अपघात केला नाहीत, त्याचं काय?"

त्यांनी पंचनाम्याची प्रत घडी घालून माझ्याकडे सरकवली.

मी म्हणालो, "तात्या, खोटा जबाब मी पुढे पाठवू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी मुलाला ठाण्यात बोलावलं. तो गुन्हेगार नव्हता, लपवतही नव्हता. मी विचारताच थोड्या अभिमानाने म्हणाला, "मीच बसवले साहेब. मुंबईहून आणले. कुठल्या गॅरेजला दिले नाहीत." मी त्याला अंगणात नेलं. मेस्त्रींनी काही न बोलता खाली असलेल्या निपलवर बोट ठेवलं. बोटीवर इंजिनात काम करणारा माणूस, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. त्याने वाकून ती निपल स्वतः चाचपून पाहिली.

"बाबांना माहीत होतं?"

"पहिल्या वळणापासून," मी म्हणालो.

"आणि मी तिथे उभा राहून त्यांना..."

जबाब त्याने स्वतःहून दिला, प्रत्येक पानावर सही केली. मग म्हणाला, हॉस्पिटलला माझ्याबरोबर चला. मी दाराशी थांबलो. आधी तो बाईंच्या खाटेपाशी गेला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. बाई बराच वेळ बोलत होत्या आणि तो मान खाली घालून ऐकत होता. मग वडिलांकडे आला आणि त्यांच्या चांगल्या पायावर डोकं ठेवलं.

तात्यांनी त्याला रडू दिलं. मग विचारलं, "पुन्हा गाडीला हात लावशील?"

"नाही बाबा."

"लाव. पण चाक चढवायच्या आधी मेस्त्रीला दाखव."

तात्यांवरचा आरोप मी कागदोपत्री मागे घेतला. मुलाने न्यायालयात दोष मान्य केला. ती बोट त्याची चुकली. दुसरी मिळायला वर्ष गेलं. त्या वर्षात आठवड्याच्या बाजारी भाजीची टोपली तो बाईंच्या घरून थांब्यावर पोहोचवायचा. तात्या काठी घेऊन चालू लागले आणि लोक त्यांना पुन्हा उतारावर गाडी कशी हाकावी ते विचारू लागले.

माझ्यासाठी ती केस वेगळ्या कारणाने मोठी आहे. माणूस स्वतःला वाचवायला खोटं बोलतो, एवढंच मी नोकरीभर धरून चाललो. दुसऱ्याला वाचवायला माणूस त्याहून पक्कं खोटं बोलतो आणि ते पोलिसाला आवडतं, कारण त्याचं काम लवकर संपतं. त्या दिवसापासून कबुली मिळाली की मी पेन खाली ठेवायचो आणि पंचनामा पहिल्या ओळीपासून वाचायचो. पण हे शिकलो तेव्हा निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. त्याआधीच्या तेहतीस वर्षांत अशा कितीतरी सह्या मी समाधानाने घेतल्या. त्यातल्या किती जणांना मी दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं, ते आता मला कोण सांगणार?