बाजूलाबाई

वहिनी भांडी घासत होती आणि बाहेरच्या खोलीत भावाबहिणीची जुंपली होती. नळ चालू असला की दुसऱ्याचं भांडण नीट ऐकू येत नाही, म्हणून वहिनीनं तो बंद केला.

“पोरं मोठी झाली. त्यांनी झोपायचं कुठं, माझ्या डोक्यावर?” दादा म्हणाला.

“जागा आहे खरी तिथं. केस गेलेत सगळे,” वन्सं म्हणाल्या.

“थट्टा नको. कारखाना बायकांना राहायला खोली देतो ना? मग जा तिकडं. आमच्या संसारात किती दिवस मध्ये मध्ये?”

“मी मध्ये येत नाही, दादा. बाजूला होणं हाच माझा धंदा आहे.”

हे मात्र खरं होतं. वन्संचा कारखाना अँटेनांचा. लष्करी गाड्यांवरच्या लवचीक काठ्या, पोलीस ठाण्यांच्या छपरांवरचे दांडे, जहाजांवरचे, टॅक्सींवरचे, सगळा माल तपासणीला मागच्या पटांगणात यायचा. वन्संनी एकेक अँटेना लाकडी स्टँडवर उभी करायची, वायर जोडायची आणि लांब जायचं. माणूस जवळ असला की अँटेनेचं चित्त ठिकाणावर राहत नाही, मीटर भलतंच दाखवतो. म्हणून दिवसभर त्यांचा एकच घोष, “बाजूला व्हा!” हमालाला तेच, साहेबाला तेच, मांजरालाही तेच. सगळे त्यांना बाजूलाबाईच म्हणत. घरीसुद्धा पातेलं गॅसवर ठेवलं की त्या पाऊलभर मागं सरायच्या.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी लष्कराचा माल लागला होता. पहिली अँटेना नापास. दुसरी नापास. तिसरीचंही तेच. मीटरवाल्यानं केबल बदलली, मग मीटरच बदलला. साहेब धावत आले आणि त्यांनी तांबं पुरवणाऱ्याचा यथेच्छ उद्धार केला. शेवटी मीटरवाल्यानं मान वर केली, तर बाजूलाबाई स्टँडला टेकून कुठंतरी बघत उभ्या!

“अहो बाई, तुम्हीच आहात की तिथं!”

“अगं बाई, मी बाजूला झालेच नाही होय?”

मग सगळा माल मुकाट्यानं पास झाला.

संध्याकाळी ही गंमत सांगताना वन्सं स्वतःच पोट धरून हसल्या. हसता हसता त्यांनी पलंगाखालची पेटी ओढली.

“उद्या जाते त्या खोलीत राहायला.”

वहिनीनं पेटीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग टाकला आणि त्यावर स्वतः बसली.

“बाजूला व्हा, वहिनी.”

“नाही होत. आमच्या घरात मीटर नाही लावलेला. कोण जवळ उभं राहिलं म्हणून काही बिघडत नाही इथं.”

“अगं, पण पोरं...” दादा म्हणाला.

“पोरं तुमच्याजवळ झोपतील. तुमचं घोरणं ऐकून पहाटे अभ्यासाला तरी उठतील.”

दादानं पेपर उघडला. दादाचं ‘बरं’ असंच असायचं.

वन्सं राहिल्या. पुढं पोरं आपापल्या घरी गेली, दादाही गेला. कारखाना सुटला. सकाळचं दूध आणायचं काम तेवढं वन्संनी सोडलं नाही.

ज्या दिवशी दुपारी त्या झोपेतच गेल्या, त्या सकाळीही त्यांनी दूध आणलं. वहिनी नेहमीसारखी दार अडवून वाऱ्याला उभी होती.

“बाजूला व्हा, वहिनी.”

वहिनी नेहमीसारखीच नावाला सरकली. वन्सं अंग चोरून आत शिरल्या, पातेलं गॅसवर ठेवलं आणि पाऊलभर मागं सरून दुधाकडं बघत राहिल्या.