सोडलेली मासळी

निशिकांत कर्णिक रोज सकाळी घरातून निघाला की आठव्या मिनिटाला फोन करायचा. "पोचलो गं बिशान स्टेशनवर." एवढंच. साधना पोळ्या लाटता लाटता फोन खांद्याने कानाशी धरायची आणि "बरं" म्हणायची. आठ मिनिटांत माणसाला काय होणार आहे, असं तिने पहिल्या वर्षी विचारलं होतं. पुढची एकोणीस वर्षं विचारलं नाही.

मूळचा रेवदंड्याचा. इथे परदेशात बँकेत नोकरी, मग इथलंच नागरिकत्व, सगळं रीतसर झालं. पण रविवारी मार्केटात माशाचा कल्ला उचलून बघितल्याशिवाय त्याने कधी मासा घेतला नाही. चिनी मासेवाली करवादायची. मग तीच त्याच्यासाठी चांगले बांगडे बाजूला ठेवायला लागली.

जानेवारीत त्याच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. त्या संध्याकाळी साधनाने देव्हाऱ्यासमोर हात जोडून मासे सोडले. हा बरा होईपर्यंत. कुणाला सांगितलं नाही, पण मासेखाऊ घरात असलं काही लपत नाही. तिसऱ्या दिवशी तळलेला बांगडा तिच्या ताटाशी तसाच राहिला.

"देव काय तुझ्या वाटचा बांगडा खाणार आहे?" निशिकांत म्हणाला. पुन्हा त्याने विषय काढला नाही.

सप्टेंबरात डॉक्टरीणबाईंनी केमो थांबवली. "आता त्यांना आवडेल ते खाऊ द्या," त्या म्हणाल्या. साधनाला त्याचा अर्थ कळला. घरी येईपर्यंत तिने तो कळला नाही असं ठरवून टाकलं.

बाहेर जेवायला जायचं खूळ इराचं. ती त्यांची एकुलती एक, युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला. बुओना व्हिस्टाजवळच्या एका दुकानात कोळंबीसारखे कवचाचे क्रॉफिश उकडून, लसूण आणि तिखटात घोळवून देतात, ते बाबाला खाऊ घालायचे होते. टेबलावर कागद अंथरला गेला आणि वाढणाऱ्याने पिशवी त्यावर सरळ उपडी केली. लालभडक ढीग, वाफ, लोण्याचा वास.

"अगं, ही तर शेवंडीची पोरं!" निशिकांत म्हणाला. खूप दिवसांनी त्याचा आवाज मोठा लागला.

"बाबा, ग्लव्ह्ज घाल. शेपूट ट्विस्ट कर, मग पुल. नॉट लाइक दॅट, लाह!" इरा इथल्या लकबीत म्हणाली.

"तू मला मासळी सोलायला शिकव आता."

त्याने एक तोंडात घातलं आणि बराच वेळ चावत राहिला. इराच्या डोळ्यांत तिखटाने पाणी आलं होतं. त्याच्या कपाळावर घामाचा टिपूसही नव्हता.

"लागतंय का तिखट?" साधनाने विचारलं.

"लागतंय. लांबून."

साधनापुढे कणीस आणि बटाटे होते. निशिकांतने दुसरं शेपूट सोललं. कवच दोनदा निसटलं. मग ते पांढरं मांस त्याने तिच्या बटाट्यांवर ठेवलं.

"निशी, नको."

इरा म्हणाली, "आई, टेक्निकली हा मासा नाहीये. तुझ्या देवाला चालेल."

"पळवाट नको," निशिकांत म्हणाला. "मासळीच आहे ही. मासळी म्हणूनच खा." मग आवाज खाली आणून तो साधनाला म्हणाला, "शकूआत्या आठवते? काका गेल्यावर सगळ्यांनी मिळून तिची मासळी सोडवली. बत्तीस वर्षं आमची ताटं वाढून झाली की बाहेर जाऊन बसायची. तू तर आपणहून सोडलीयस. मी बरा होईपर्यंत, असंच बोललीस ना देवाला?"

साधनाने कणीस कागदावर जरा बाजूला सरकवलं.

"मी बरा होणार नाही. मग तुझं हे संपणार कधी? मी असताना खा."

इरा मान खाली घालून कणसाचे दाणे एकेक करून सोडवत होती. साधना त्या शेपटाकडे बघत राहिली. ते पुढ्यात होतं तोवर काहीतरी उरलं होतं, तिचं आणि देवाचं अजून बोलणं चालू होतं. तोंडात घातलं की ते मिटलं. घातलं नाही, तर समोर बसलेला माणूस ही एकच काळजी घेऊन जाणार होता.

तिने ते उचललं आणि खाल्लं.

चव सुरेख होती. तेच तिला सहन झालं नाही. लसूण, लोणी, मागून चढत जाणारं तिखट, आठ महिन्यांच्या उपाशी जिभेने सगळं अधाशासारखं ओढून घेतलं. तिला वाटलं होतं घास घशात अडकेल. तो सहज उतरला. निशिकांतने आणखी सोललं, तिने खाल्लं. सहा झाली. वाढणाऱ्याने येऊन आणखी पाव हवा का विचारलं, तर इराने नुसती मान हलवली.

त्या रात्री साधनाने देव्हाऱ्यात दिवा लावला, पण मागायला काही सुचलं नाही.

सतरा दिवसांनी, हॉस्पिसमध्ये, दुपारी त्याने शेवटचे डोळे उघडले तेव्हा ती खुर्चीत बसून होती. तिच्याकडे जरा वेळ बघून तो म्हणाला, "खाली फिश सूप मिळतं म्हणे. जा, जेवून ये. मिरची वेगळी माग."