फटाक्यांच्या खोक्यावरची मुलगी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि खरं सांगायचं तर त्यातले बरेचसे आता विसरलोही. फटाक्यांच्या एका खोक्याचं प्रकरण मात्र डोक्यातून जात नाही. त्यात मी सुरुवातीला चुकलो होतो, हेही त्याचं एक कारण असेल.

सीडी आणि कॅसेटी दोन्ही विकल्या जायच्या, ते दिवस. मी चेन्नईतल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. वडील रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले आणि इथलेच झाले. मी तमिळ शाळेत शिकलो, इथल्याच पोलिसात लागलो. ठाण्यात कुणी मराठी माणूस आला, की हवालदार त्याला सरळ माझ्याकडे धाडत.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी असंच एक वयस्क जोडपं आलं. गृहस्थ रेल्वेच्या कारखान्यात डब्यांवर अक्षरं रंगवून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. बाईंच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर रिकामी केली. आत फटाक्यांच्या खोक्यांवरची लेबलं होती, फाटलेली, जळलेली, चपलांखाली मळलेली. ती धुऊन, वाळवून आणली होती. सगळ्यांवर एकच चित्र होतं, हातातल्या पणतीनं समई लावणारी मुलगी.

"ही आमची मुलगी आहे, साहेब," गृहस्थ म्हणाले. "एकोणिसाव्या वर्षी काविळीनं गेली. हे चित्र मी काढलंय."

त्यांनी सांगितलं ते असं. मुलगी गेल्यावर वर्षभरानं त्यांनी ते चित्र रंगवलं. टी. नगरच्या एका साडीच्या दुकानदारानं ते कॅलेंडरसाठी मागितलं, तेव्हा फक्त त्या एका वर्षापुरतं दिलं आणि तसं पत्रही लिहून घेतलं. दोन वर्षांनी दिवाळीला तेच चित्र फटाक्यांवर आलं. दिवाळीच्या पहाटेपासून बाई अण्णा नगरच्या रस्त्यांवर वाकून लेबलं गोळा करत होत्या.

"लोक तिच्या तोंडावर पाय देऊन चाललेत हो," त्या म्हणाल्या.

मी रात्रभराच्या बंदोबस्तानं वैतागलेलो. म्हटलं, "काका, छापणारा सापडला तर काहीतरी भरपाई घेऊन मिटवून टाका. चित्राचंच तर आहे."

ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "पैसे नकोत. थांबवायचंय. तीन आठवड्यांनी कार्तिगै दीपम आहे. दिव्यांचा सण, त्यात दिवा लावणारी मुलगी. पुन्हा हीच खोकी विकली जातील."

खजील झालो. अर्ज घेतला, पत्र आणि कॅलेंडर ठेवून घेतलं आणि गुन्हा नोंदवला. कॉपीराइटचं उल्लंघन हा दिवाणी वाद आहे असं बऱ्याच लोकांना वाटतं, काही पोलिसांनाही वाटतं. पण तो फौजदारी गुन्हाही आहे, आणि उपनिरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी असा माल वॉरंटशिवाय जप्त करू शकतो. अडचण एवढीच होती, की खोक्यांवर छापखान्याचं नाव नव्हतं. फटाके विकणारे म्हणाले, माल टेम्पोतून येतो, टेम्पोवाला दरवेळी वेगळा.

दोन आठवडे गेले. बाई दर तिसऱ्या दिवशी ठाण्यात येऊन बाकावर बसायच्या. काही विचारायच्या नाहीत. त्या बसल्या की मला फाइलीत लक्ष लागायचं नाही.

खबर आली ती रद्दीवाल्याकडून. हा माझा जुना खबऱ्या. छापखान्यातला वाया गेलेला कागद हेच लोक उचलतात, आणि छापणाऱ्यानं सगळं लपवलं तरी रद्दी लपवायचं त्याला सुचत नाही. त्यानं न कापलेला एक मोठा कागद आणून दिला. त्यावर तीच मुलगी सोळा वेळा छापलेली होती, रंग थोडा सरकलेला. रद्दी रायपेट्टातल्या एका गल्लीतल्या छोट्या छापखान्यातून आली होती.

दुपारी छापा घातला. ताज्या लेबलांचे गठ्ठे, छपाईच्या प्लेटा, फिल्म, सगळं पंचांसमोर ताब्यात घेतलं. मालक पन्नाशीचा, धंद्यात मुरलेला. घाबरला अजिबात नाही.

"सार, चित्र मीच काढलंय," तो म्हणाला. "दिवा लावणारी मुलगी काय एकट्या त्यांच्याच मालकीची आहे? आमच्या घरोघरी पोरी दिवे लावतात."

लबाड असला तरी मुद्दा बिनतोड होता. कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो. दिवा लावणारी मुलगी कुणीही काढावी. आणि दोन चित्रं शेजारी ठेवली तर फरक दिसतही होता. कॅलेंडरमधली मुलगी एका बाजूला पाहत होती, लेबलावरची दुसऱ्या बाजूला. कॅलेंडरमधल्या मुलीच्या नाकात चमकी डाव्या बाजूला, आपल्याकडे असते तशी. लेबलावर उजव्या, तमिळ बायका घालतात तशी. सरकारी वकील फोनवर म्हणाले, "साम्य आहे, पण नक्कल कशी सिद्ध करणार?" सणाला पाच दिवस उरले होते. पुरावा टिकला नसता तर जप्त केलेला माल त्याला परत द्यावा लागला असता.

माझ्याकडे एक महिला कॉन्स्टेबल होती. दोन मुलांची आई, बोलायला कमी. मुद्देमालाची यादी करताना ती एका लेबलाकडे पाहत राहिली.

"सार, ही डाव्या हातानं दिवा लावतेय."

मी पाहिलं. खरंच. लेबलं दोन आठवडे माझ्या टेबलावर होती आणि मला ते दिसलं नव्हतं. घरी दिवा बायको लावते, मी फक्त हात जोडतो. मला कुठून दिसणार? ती म्हणाली, "आमच्याकडे लहान पोरीनंही डावा हात पुढे केला तर आजी हातावर चापट मारते. असं चित्र कुणी काढणार नाही."

हात धुण्याच्या जागी एक आरसा टांगलेला होता. तिनं लेबल त्याच्यासमोर धरलं. आरशात कॅलेंडरमधली मुलगी उभी होती. पणती उजव्या हातात आली, पदर डाव्या खांद्यावर गेला, चमकी आपल्या जागी बसली.

मालकाला आत बोलावलं. आरशाचं काही सांगितलं नाही. आधी चहा दिला. आरडाओरडा केला की माणूस घट्ट होतो, हा माझा अनुभव.

"तुमच्या घरी दिवा कुठल्या हातानं लावतात?"

"उजव्या, सार. हे काय विचारणं झालं?"

"मग ही डाव्या हातानं का लावतेय?"

त्यानं लेबल हातात घेतलं. "तशीच सुचली," म्हणाला.

"आणि हा मनगटावरचा डाग?"

"छपाईचा असेल, सार. शाई उडते कधी कधी."

बाई बाहेर बाकावर होत्याच. त्यांना आत बोलावून तेच विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, "बाराव्या वर्षी तव्याला हात लागला होता. तिची पहिली पोळी. यांनी चित्रात तोही काढला. मी म्हटलं होतं नका काढू, पण हे ऐकतात कुठे."

मालकाला मराठी येत नव्हती. मी तमिळमध्ये सांगितलं. त्यानं लेबल टेबलावर पालथं ठेवलं. मग सगळं सरळ सांगितलं: कॅलेंडर रद्दीतच मिळालं, चित्र आवडलं. "चमकी डावीकडे होती. गिऱ्हाइकाला पोरगी आपल्यातली वाटावी म्हणून फिल्म उलटी लावली. हात बदलेल हे लक्षातच आलं नाही, सार. चित्र तिच्या आईबापांना विचारायचं असतं हेही नाही."

कार्तिगैला बाजारात ते खोकं नव्हतं. मी स्वतः फिरून पाहिलं. खटला रेंगाळला, पण शिक्षा झाली. असा माल न्यायालय चित्राच्या मालकाच्या ताब्यात देऊ शकतं, तसा आदेशही निघाला. दोघं रिक्षा घेऊन गठ्ठे न्यायला आले.

कॉन्स्टेबल गठ्ठे मोजून देत होती. शेवटच्या गठ्ठ्यातून एक लेबल निसटलं. तिनं ते उचललं, पदरानं पुसावं तसं रुमालानं पुसलं, आणि बाईंना विचारलं, "अम्मा, हे एक मी घरी नेऊ? देवाजवळ लावीन."

मला वाटलं, आता बाई तिला जवळ घेतील. आरशासमोर लेबल तिनंच धरलं होतं, ती नसती तर प्रकरण उभं राहिलं नसतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं. बाईंनी चित्राकडे पाहिलं.

"नको गं," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "राग मानू नकोस. घरीच राहू दे तिला."

"बरं, अम्मा," कॉन्स्टेबल म्हणाली, आणि तिनं कागद गठ्ठ्यात परत ठेवून दोरी बांधली.

त्या क्षणी मला बाईंचा जरा रागच आला, खोटं कशाला बोलू. एक कागद दिला असता तर काय बिघडलं असतं? रिक्षा गेल्यावर उमगलं. त्या वर्षी शहरात कितीतरी लोकांनी ते खोकं घेतलं, फोडलं, फेकलं. तिच्या आईबापांना एकानंही विचारलं नव्हतं. कॉपीराइट म्हणजे पैशाचं भांडण असं मी वीस वर्षं समजत होतो. त्या दिवशी एकीनं विचारलं, दुसरीनं नाही म्हटलं, आणि विचारणारीनं कागद परत ठेवला. एवढ्यासाठीच तो कायदा आहे.