सोळा नंबरची जर्सी

माझा नवरा टर्लो हॅनली नऊ वर्षं आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, फुटबॉल संघात होता, पण चॅम्पियनशिपचा एक मिनिटही खेळला नव्हता. तो राखीव गोलकीपर. दिवसभर गावोगावचं दूध टँकरमध्ये भरायचं आणि संध्याकाळी सरावाला जाऊन काहल मॅकनिफवर चेंडू मारत राहायचं. कारण खरा गोलकीपर काहल. सामना संपला की सगळ्यांच्या जर्सी धुण्याच्या पोत्यात पडत. सामान सांभाळणारा पॅडी सोळा नंबरची तेवढी टर्लोच्या अंगावर फेकायचा.

"तुझी घडी तरी मोडलीय का? ने घरी, कपाटात ठेव."

टर्लोच सगळ्यांच्या आधी हसायचा.

त्या उन्हाळ्यात आम्ही जिंकतच गेलो. कित्येक वर्षांनी काउंटी फायनलला पोचली. कुंपणं, दुकानं, चर्चचं फाटकसुद्धा झेंड्यांनी झाकलं गेलं. फायनलच्या आधीच्या गुरुवारी काहल आमच्या स्वयंपाकघरात आला. बोट जांभळं, गाजरासारखं सुजलेलं.

"हे कशानं रे?"

"फाटकात सापडलं, ऑर्ला."

"खोटं कशाला बोलतोस?" टर्लो म्हणाला. "माझ्या किकनं मोडलंय. मंगळवारी."

"मग डॉक्टरकडे जा ना!"

"डॉक्टरला दाखवलं की मॅनेजरला कळणार. रविवारी नाही खेळलो तर परत कधी?" काहलनं टर्लोकडे पाहिलं. "तू बोलणार नाहीस ना?"

टर्लो वर न बघता दोन बोटं एकत्र बांधून पट्टी गुंडाळत होता. "हलवून बघ," एवढंच म्हणाला.

काहल गेल्यावर मी म्हटलं, "तू सांगितलंस तर रविवारी तूच उभा राहशील."

"तेच तर. बोटही मीच मोडलं आणि जागाही मीच घेतली!"

"आणि हरलात तर?"

त्यानं कात्री खणात टाकली आणि खण लावून घेतला.

रविवारी डब्लिनला शेवटच्या मिनिटापर्यंत आम्ही एका गुणानं पुढे होतो. मग एक उंच चेंडू गोलवर आला. काहल सगळ्यांच्या वर उडाला, चेंडू हातात आला आणि निसटला. गोल, आमच्या आयरिश फुटबॉलमध्ये त्याचे तीन गुण. दोन गुणांनी हरलो. मी काहलकडे बघतच नव्हते. राखीव खेळाडूंच्या बाकावरून टर्लो उठला होता, त्याचे दोन्ही हात वर, चेंडू झेलायला धरावेत तसे.

हरलेल्या संघालाही आमच्याकडे वाजतगाजत घरी आणतात. सोमवारी चौकात स्वागताचे जाळ पेटले होते, खेळाडू जर्सी घालून ट्रकवर उभे. कप्तान आभार मानत होता, तेवढ्यात गर्दीतून आवाज आला, "काहल, चेंडू तापला होता का रे?" लोक हसले. काहलचा बांधलेला हात खिशातच होता.

टर्लोनं माइक मागून घेतला. आजवर त्याला तो कुणी दिला नव्हता.

"त्याचं बोट मोडलेलं होतं. माझ्या किकनं. मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसलो."



"मग तू का नाही उतरलास, गाढवा?" मागून कुणीतरी ओरडलं.

"फार उतरायचं होतं मला," टर्लो म्हणाला. "म्हणूनच बोलता आलं नाही."

टाळी कुणीच वाजवली नाही. काहलनं खिशातून हात काढला आणि तो टर्लोच्या शेजारी येऊन उभा राहिला.

पुढच्या हंगामात टर्लोला बोलावणं आलं नाही. जर्सी परत न्यायला पॅडी आला. या खेपेला चेष्टा नव्हती. हातात घेऊन त्यानं ती हुंगली.

"धुतलीस?"

"धुवावी लागली," मी म्हटलं. "धुराचा वास जाईना."