ओल्या सालींच्या अक्का

भांडं गार होईपर्यंत अक्का त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसायच्या. कुणी घाई केली की तळहात उचलायच्या आणि म्हणायच्या, "स्वल्प थांबा. घरी कुकर तरी शिटी होताच उघडता का?"

येलहंकातल्या आमच्या प्रयोगशाळेत त्या माझ्या वरिष्ठ. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरूचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी चांगलीच मुरलेली. ओला कचरा पाण्यासकट जाड पोलादी भांड्यात बंद करून खूप तापवायचा. दाबामुळे पाण्याची वाफ होत नाही आणि त्या कढत पाण्यात कचऱ्याचं तेल होतं. हे त्यांचं काम. तेल व्हायचंही, पण डांबरासारखं. बाटली उपडी केली तरी ढिम्म हलायचं नाही. निवृत्तीआधी ते एकदा वाहताना बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

कचरा आम्ही घरूनच न्यायचो. मी नागपूरचा. बायकोने संत्र्याच्या साली गच्चीवर खडखडीत वाळवून डबाभर दिल्या. अक्कांनी डबा हलवून पाहिला.

"अय्यो, वाळवल्या? अहो, वाळवायला लागू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप! आता परत पाणी मी घालू?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तिला काही बोलू नका हं. छान वाळल्यात म्हणून सांगा."

शेवटच्या दिवशी सकाळी आच थोडी वाढवून त्यांनी शेवटची खेप लावली. संध्याकाळी शाल-नारळ झाला तरी भांडं तापलेलंच.

"वरून गार पाणी ओतू. तुमच्यासमोरच उघडू या," साहेब म्हणाले.

अक्कांनी तळहात उचलला. "नको सर. स्वल्प थांबा." आणि हार हातात घेऊन त्या घरी गेल्या. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर अक्का स्टुलावर हजर! गळ्यात पाहुण्यांचा पास.

"गेटवर विचारतात, कुणाला भेटायचंय? म्हटलं, भांड्याला."

भांडं उघडलं, पाणी वेगळं काढलं, तेल बाटलीत भरलं. मी बाटली कलती केली. तेल क्षणभर अडलं, मग काचेवरून सावकाश खाली उतरलं. अक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"वाहतंय हो," एवढंच म्हणाल्या.

आता त्या मारतहळ्ळीला लेकीकडे असतात. बायको साली ओल्याच देते. पिशवी बसभर गळते. बाटली अक्कांनी नेली नाही. ती त्यांच्या रिकाम्या स्टुलावर ठेवलेली असते. आठवण फारच आली की मी ती कलती करून बघतो.

वाहतंय हो, अक्का.