त्रेसष्ट नंबर कुठून दिसते?

पहिल्या वर्षापासून मी सांगत होते, पुढं बसू नका. एकानं ऐकलं असेल तर शपथ! फोरमननं नाही, इंजिनिअरनं नाही, पोटच्या पोरीनंसुद्धा नाही. चौथी शिकलेल्या बाईला गाड्यांच्या शर्यतीतलं काय कळणार, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं असायचं. तोंडावरचं वाचायला चौथी पुरते.

आता सगळं नीट पार पडलंय, म्हणून हसत सांगते. असे किस्से म्हणजे किचनच्या दारामागच्या प्लास्टिकच्या पिशव्या. एकीत एक कोंबत राहतो, आणि एक ओढायला जावं तर पंचवीस बाहेर येतात.

आम्ही आखातात, अजमानला राहतो. आमचे हे, म्हणजे विलास, हमरिया फ्री झोनमधल्या एका वर्कशॉपला फोरमन. तिथं शर्यतीच्या गाड्यांचंही काम येतं. टीव्हीवरच्या त्या बसक्या, उघड्या गाड्या नव्हेत. या आपल्या रोजच्या गाडीसारख्या, छतवाल्या, दारंवाल्या. फक्त आतलं सगळं उपटून काढतात आणि लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवतात. गाडी उलटली तर छत ड्रायव्हरच्या डोक्यावर येऊ नये म्हणून. आमच्याकडं त्या पिंजऱ्यांचं वेल्डिंग करायचे हुसेन मुकादम. रत्नागिरीकडचे, आम्हा सगळ्यांचे चाचा. एकोणतीस वर्षं इथं काढली, आणि या मार्चला कायमचे घरी निघाले.

चाचांची एकच इच्छा. त्यांनी पिंजरा घातलेली एक हिरवी गाडी होती, त्रेसष्ट नंबरची. ती शर्यतीत पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. "सांधा टिकेल का नाही, ते कागदावर नाय कळत वहिनी," म्हणायचे. "गाडी पळताना बघायला पायजे."

गाडीवाले दर हिवाळ्यात वर्कशॉपला पास द्यायचे. दर हिवाळ्यात आम्ही व्हॅन भरून जायचो. आणि दर हिवाळ्यात चाचा त्रेसष्ट नंबर न बघता परत यायचे!

* * *

पहिलं वर्ष. प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये जागांना नंबर नव्हते, येईल तो बसेल. आमचे हे शिरले ते थेट पहिल्या रांगेत. का? तर चाचा वयानं मोठे, मोठ्यांना पुढं बसवायचं. गावातल्या लग्नात पुढच्या खुर्च्या मानाच्या, तर इथंही पुढच्याच मानाच्या!

मी म्हटलं, "अहो, मी बैलगाड्यांच्या शर्यती बघत वाढलेली बाई आहे. खेड तालुक्यातली. आम्ही बायका-पोरी लांब टेकावर बसायचो, आणि सगळा घाट, म्हणजे बैल पळतात ती वाट, आम्हालाच दिसायचा. वडील म्हणायचे, धूळ खायची असेल तर पुढं जा, शर्यत बघायची असेल तर टेकावर जा."

"तिथं बैल होते," हे म्हणाले.

"मग इथं कोण आलंय?" मी म्हटलं. कोणी हसलं नाही.

समोर उंच जाळी. जाळीतून गाड्या दिसायच्या नाहीत, नुसता रंगांचा फराटा जायचा. झुंईं! लाल गेला, पिवळा गेला. चाचा दर वेळी विचारायचे, "गेली का?" आम्ही म्हणायचो, "गेली." पुढच्या फेरीला पुन्हा, "गेली का?"

दुपारी मी पोह्यांचा डबा उघडला. आमच्यात दीपक म्हणून इंजिनिअर आहे, सगळ्यातलं सगळं कळणारा. प्लेटभर खाऊन म्हणाला, "काकू, पोहे मस्त, पण यावेळी मोहरी जरा जास्त झाली. आणि जळलीय."

मी पोह्यांत मोहरी घातलीच नव्हती. टायर झिजून त्याचे काळे कण जाळीतून उडत होते. त्याला सांगावं की नाही, हे ठरेपर्यंत त्यानं दुसरी प्लेट घेतली!

* * *

दुसऱ्या वर्षी दीपकनं सूत्रं हातात घेतली. लॅपटॉपवर नकाशा, नकाशावर लाल बाण. "सायंटिफिक विचार करायचा काकू. गाडी कुठं जिंकते? फिनिश लाइनवर. मग बसायचं कुठं? फिनिश लाइनसमोर!"

"सूर्य कुठं मावळतो ते नकाशात आहे का?" मी विचारलं.

"त्याचा काय संबंध?"

संबंध चार वाजता कळला. ऊन थेट डोळ्यांत. पूर्ण रांग कपाळावर हात धरून बसलेली, जशी कोणाला सलामी देतेय. शेजारचा एक पठाण आमच्याकडं बघून आदरानं उभाच राहिला.

शेवटची फेरी आली. पुढच्या रांगेतली सगळी माणसं एकदम उठली. चाचांची उंची बेताची. त्यांच्यापुढं एक गोरा, कपाटाएवढा. त्रेसष्ट नंबर गेली, झेंडा हलला, टाळ्या झाल्या.

व्हॅनमध्ये मी विचारलं, "चाचा, काय दिसलं?"

"वहिनी, त्याच्या शर्टावर पाठीमागे जे काय लिवलंय ना, ते मला सगळा पाठ झाला."

दीपक अजमान येईपर्यंत खिडकीबाहेर वाळू बघत होता.

* * *

तिसऱ्या वर्षी आमच्या ह्यांना बुद्धी सुचली. सकाळी सातलाच जाऊन जागा धरायची. मधल्या रांगेतल्या चांगल्या बारा जागा बघितल्या, आणि एकेका खुर्चीवर एकेक रुमाल टाकला. एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा! वर घड्या नीट करून ठेवल्या. मग आम्ही सगळे निवांत चहाला खाली.

"आई, नोबडी डज दॅट हिअर," आमची ऋजुता म्हणाली. "इट्स सो एम्बॅरॅसिंग."

"गप," हे म्हणाले. "रुमाल म्हणजे रुमाल. त्याला हात लावायची कोणाची टाप नाही."

बायांनो, या देशात रस्त्यावर कागदाचा कपटा दहा मिनिटं टिकत नाही, तिथं बारा रुमाल टिकणार होते? वर आलो तर खुर्च्यांवर माणसं, आणि रुमाल सफाईवाल्याच्या काळ्या पिशवीत. बिचाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं.

मी मागायला गेले. रुमाल गेले तर गेले, पण त्यात एक माझ्या भावाच्या लग्नातला होता. गार्ड नेपाळी, फार सज्जन. म्हणाला, "मॅडम, लॉस्ट अँड फाउंड. फॉर्म भरना पडेगा." फॉर्मवर वस्तूचं नाव, रंग, कंपनी, किती वाजता हरवली. बारा रुमालांचे बारा फॉर्म! सातव्या फॉर्मला गार्डनं विचारलं, "मॅडम, इसका लास्ट लोकेशन?"

मी म्हटलं, "भाऊ, सबका लास्ट लोकेशन एकच. मेरे नवरे का डोका."

तोवर बाकीच्यांना जागा मिळाली ती कॅमेऱ्याच्या मचाणामागं. चाचांनी त्या वर्षी शर्यत ऐकली.

पण फॉर्म भरून परत येताना मी जिना चुकले आणि अगदी वरच्या रांगेत निघाले. आणि काय सांगू! अख्खा ट्रॅक खाली ताटासारखा मांडलेला. गाडी कुठून निघाली, कोणी कोणाला मागं टाकलं, सगळं स्वच्छ. आमचं टेकच ते! मी धावत खाली आले, सांगितलं, तर हे म्हणाले, "वर कोण बसतं? फुकटे."

"आपले पास विकत घेतलेत का?" मी म्हटलं.

* * *

चौथ्या वर्षी माझं ऐकलं. आणि खरं सांगायचं तर, तेव्हा माती मी खाल्ली.

वर नेलं सगळ्यांना, बरोबर. पण डोक्यावर काय आहे ते मी बघितलंच नाही. बरोब्बर आमच्यावर भोंगा! निवेदक एकदा ओरडला आणि दीपकच्या बायकोच्या, पल्लवीच्या, हातातला सामोसा उडाला. दोन तास आम्ही खुणांनी बोललो.

त्यातून अगदी शेवटी असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची वेळ झाली. नमाजाची खोली खाली, स्टँडच्या पाठीमागं. चाचा नव्वद पायऱ्या उतरले, नमाज पढले, नव्वद पायऱ्या चढायला लागले. साठाव्या पायरीवर असताना वर टाळ्या पडल्या. शर्यत खलास.

संध्याकाळी चाचांच्या बायकोचा, भाभींचा, रत्नागिरीहून व्हिडिओ कॉल. भोंग्यानं चाचांचे कान बंद. भाभी बोलतायत, आणि चाचा फोनवर नुसतं ओरडतायत, "आँ? काय? कोण?" भाभींनी मला फोन लावला, रडवेल्या झालेल्या. "वहिनी, हे माझ्यावर एवढं का भडकले? मी फक्त जेवलात का विचारलंय!"

त्या रात्री मला खरंच वाईट वाटलं. चार वर्षं झाली. एकच वर्ष राहिलं होतं.

* * *

म्हणून यंदा मी आदल्या दिवशीच गेले. त्या दिवशी गाड्या सरावाला पळतात, स्टँड रिकामा असतो. ऋजुताला बरोबर घेतलं. ती म्हणाली, "आई, व्हॉट आर यू डूइंग?"

"साडी घेताना दुकानातल्या सगळ्या बघतेस ना? तशी मी खुर्च्या बघतेय."

एकेका खुर्चीवर बसले. ऊन कुठून येतं, भोंगा कुठं, खांब कुठं, कोणी उठलं तर दिसतं का. नमाजाच्या खोलीपर्यंत चालून आले, चाचांच्या चालीनं, मध्ये दोनदा थांबून. गुडघे चाचांचेही तसलेच, माझेही तसलेच, त्यामुळं हिशेब सोपा. शेवटी सापडली. वरून तिसरी रांग, शेवटच्या वळणावर. ऊन पाठीमागं. जिना शेजारीच, आणि तो थेट खोलीच्या दारात उतरतो. तिथून वळणही दिसतं, आणि मान जरा फिरवली की झेंडाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना तिथं बसवलं. आमच्या ह्यांनी एकदा खाली बघितलं. "अगं, शेवटचं वर्ष आहे चाचांचं. पुढं बसवलं असतं, मान दिसला असता."

"तो मान घरी नेऊन फ्रीजमध्ये ठेवा," मी म्हटलं. "यल्ला, चला, बसा!"

यंदा शर्यत उशिरा सुरू होणार होती, त्यामुळं चाचा आधीच खाली जाऊन, असर आटोपून परत जागेवर आले. गाड्या सुटल्या. आणि चाचांना त्रेसष्ट नंबर दिसली! पहिल्या वळणावर दिसली, लांबच्या सरळ रस्त्यावर दिसली, पुन्हा आमच्या वळणावर आली. चाचा बोटानं तिच्या मागं जात होते. मी शर्यत बघितलीच नाही, चाचांचं बोट बघत होते.

शेवटून दुसरी फेरी. त्रेसष्ट नंबर तिसरी होती. आमच्या वळणावर आली, मागच्या गाडीनं तिला ढकललं, आणि ती आडवी झाली. मग उलटी. एकदा, दोनदा, तीनदा. धूळच धूळ.

चाचा उभे राहिले होते. ओठ हलत होते. मला वाटलं दुआ मागतायत. जवळ कान नेला, तर म्हणत होते, "वरचा डावा सांधा... वरचा डावा सांधा..."

खालच्या रांगांना जाळीतून काहीच दिसत नव्हतं. सगळी माणसं मागं वळून आमच्याकडं वर बघायला लागली. एक जण ओरडला, "अरे भाई, क्या हुआ? जिंदा है क्या?"

धूळ बसली. गाडी छतावर पडलेली. पण छत होतं तिथंच होतं. खिडकीतून एक हात बाहेर आला. मग हेल्मेट. मग आख्खा माणूस सरपटत बाहेर आला आणि उभा राहिला!

आणि आमचे चाचा, जे एकोणतीस वर्षांत वर्कशॉपमध्ये मोठ्यानं बोलले नसतील, ते दोन्ही हात वर करून खालच्या सगळ्या रांगांना ओरडून सांगत होते, "जिंदा है! निकल आया! जिंदा है!"

मग बसले. मी पाण्याची बाटली दिली. झाकण उघडेना त्यांच्या हातून. मी उघडून दिली, आणि मग मलाच पाणी लागलं.

* * *

शर्यत संपल्यावर पासवाल्यांना गाड्या दुरुस्त करतात तिथं आत सोडतात. आम्ही सगळे गेलो. त्रेसष्ट नंबर तिथं आणून ठेवली होती. चिरडलेल्या डब्यासारखी, फक्त आतला पिंजरा जसाच्या तसा. ड्रायव्हर शेजारी टायरवर बसून ज्यूस पीत होता. वयानं आमच्या ऋजुतापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. एक हात गळ्यातल्या झोळीत.

गाडीवाल्यांचा मॅनेजर ड्रॉइंग हातात घेऊन पिंजऱ्यात डोकं घालून बसला होता. आम्हाला बघून बाहेर आला. चेहरा लालबुंद. आमच्या ह्यांना म्हणाला, "मिस्टर विलास, ड्रॉइंगमध्ये सांध्यांना आधाराच्या चार लोखंडी पट्ट्या आहेत. मी आत मोजल्या. नऊ आहेत! चार वर्षं आम्ही डोकं फोडतोय की ही गाडी बाकीच्यांपेक्षा जड का, मागं का पडते. इंजिन बदललं, सीट बदलली, ड्रायव्हरचं जेवण कमी केलं!"

ड्रायव्हरनं ज्यूस खाली ठेवला.

आमचे हे स्वतःच्या बुटांकडं बघायला लागले. दीपकनं ड्रॉइंग हातात घेतलं, उलटं धरलं, सुलटं धरलं. चाचा चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत होते. पुसून झाला तरी पुसत होते.

"कोणाला न विचारता पाच पट्ट्या जास्त लावल्या," मॅनेजर म्हणाला. "मला नाव पाहिजे. हे कोणी केलं?"

मग आमची ऋजुता, जी आमच्याबरोबर कुठं यायचं म्हटलं की दहा पावलं मागून चालते, ती पुढं होऊन चाचांच्या शेजारी उभी राहिली. आणि अख्ख्या जागेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हुसेन मुकादम."